रिंग गर्लचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिंग गर्ल नेमकं करते काय?

मुष्टियुद्ध, किकबॉक्सिंग किंवा एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या मिश्र लढतीच्या, व्यावसायिक सामन्यात दोन फेऱ्यांच्या मधल्या विश्रांतीत पुढच्या फेरीचा आकडा असलेली पाटी डोक्यावर धरून ती प्रेक्षकांना आणि कॅमेऱ्यांना दाखवते. या पाटीला सगळे 'राउंड कार्ड' म्हणतात. टीव्हीच्या पडद्यावर हल्ली कोपऱ्यात आकडा सतत दिसतो, तेव्हा माहिती देणं हे आता कामाचं निमित्तच उरलं आहे. खरं काम प्रायोजकाचं नाव दिसत ठेवण्याचं. कपड्यांवर, कार्डाच्या खालच्या पट्टीवर, कधी बुटांवरही ते असतं. हे आधीच समजून घेतलं की करारातल्या निम्म्या अटींचा अर्थ आपोआप लागतो.

बारा फेऱ्यांच्या सामन्यातही कार्ड घेऊन चालण्याचा एकूण वेळ सात-आठ मिनिटांच्या पुढे जात नाही. बाकीची रात्र, म्हणजे सहा-सात तास, थांबणं, उभं राहणं, फोटो आणि हसरा चेहरा.

हा प्रकार सुरू कधी झाला?

छापील पुरावा म्हणून 'द रिंग' या अमेरिकी मासिकाच्या १९६५ च्या अंकाकडे बोट दाखवलं जातं. त्यात लास वेगासची एक मॉडेल कार्ड घेऊन दिसते. वेगासमध्ये कॅसिनो, शो आणि मुष्टियुद्ध एकाच छताखाली असल्यामुळे ही प्रथा तिथे रुजली यात नवल नाही. जपानमध्ये याच कामाला 'राउंड गर्ल' म्हणतात, तर यूएफसी या अमेरिकी एमएमए संस्थेत, तिथल्या अष्टकोनी पिंजऱ्यावरून, 'ऑक्टॅगन गर्ल'.

कार्डावर संपलेल्या फेरीचा आकडा असतो की येणाऱ्या?

येणाऱ्या. पहिल्या फेरीआधीही '१' दाखवायचा असतो, तो नवख्या मुली हमखास विसरतात.

विश्रांतीचं एक मिनिट कसं वापरायचं?

मुष्टियुद्धात पुरुषांची फेरी तीन मिनिटांची, बायकांची बहुतेक ठिकाणी दोन मिनिटांची, आणि मधली विश्रांती एक मिनिटाची. एमएमएत फेरी पाच मिनिटांची, विश्रांती तीच. पण हे साठ सेकंद पूर्ण तुमचे नसतात.

फेरी संपायला दहा सेकंद उरले की वेळाधिकारी लाकडी ठोकळे आपटून इशारा देतो. त्या आवाजाला तुम्ही पायऱ्यांशी उभं असायला हवं, कार्ड हातात, आकडा तपासलेला. घंटा झाली की लगेच चढायचं नाही. दोन्ही कोपऱ्यांतली माणसं स्टूल, बादली, बर्फाची पिशवी घेऊन आत घुसतात. त्यांना आठ-दहा सेकंद द्या, कारण त्या मिनिटावर खरा हक्क त्यांचा आहे. मग तटस्थ कोपऱ्यातून, म्हणजे जिथे कोणताच खेळाडू बसलेला नाही तिथून, आत जायचं. चारही बाजूंना एकेकदा तोंड करून, मुख्य कॅमेऱ्याच्या बाजूला एखादा सेकंद जास्त देत फेरी पुरी करायची. पुढची फेरी सुरू व्हायला दहा सेकंद असताना शिट्टी होते आणि 'सेकंड्स आउट' अशी हाक येते. ती हाक कोपऱ्यातल्या मदतनीसांसाठी असली तरी तुमच्यासाठीही तोच हुकूम. तोवर तुमचा एक पाय दोराबाहेर असला पाहिजे.

म्हणजे हातात राहतात साधारण चाळीस सेकंद. वीस फुटांच्या रिंगमध्ये आतून चौकोनी फेरी मारायला तेवढे पुरतात, मात्र मध्येच थांबून पोझ देत बसलात तर पुरत नाहीत. घरी जमिनीवर वीस फुटी चौकोन खडूने आखा, फोनवर चाळीस सेकंदांचा गजर लावा आणि डोक्यावर पुठ्ठा धरून चाला. पहिल्या दिवशी गजर वाजतो तेव्हा बहुतेक जणी तिसऱ्या बाजूला असतात.

दोरांतून आत शिरताना फजिती होते. काही युक्ती?

रिंगला बहुधा चार दोर असतात. खालून दुसरा आणि तिसरा यांच्यामधून जायचं. आयोजकांचा एक माणूस दुसऱ्या दोरावर पाय देतो आणि तिसरा हाताने वर उचलतो. असा माणूस नेमला आहे का, हे दुपारच्या तालमीतच विचारा. कार्ड आधी त्याच्याकडे किंवा आतल्या माणसाकडे द्या. मग दोराला काटकोनात न जाता कुशीवर जा: आधी आतला पाय, मग वाकून डोकं आणि खांदे, शेवटी बाहेरचा पाय. समोरून वाकून शिरलात तर पाठीमागच्या कॅमेऱ्याला नको तो कोन मिळतो आणि दुसऱ्या दिवशी तोच फोटो फिरतो. दोर ढिला असेल तर कधीही त्यावर भार टाकून तोल सावरू नका.

बाहेर येतानाही हाच क्रम. फरक एवढाच की तेव्हा घाई असते, आणि पडझड होते ती बहुतेक बाहेर येतानाच.

एमएमएच्या पिंजऱ्यात कसं असतं?

यूएफसीत मुली जाळीच्या बाहेर, चौथऱ्याच्या कडेने चालतात. आत जात नाहीत. मुख्य अष्टकोन तीस फूट रुंदीचा असल्यामुळे बाहेरचा घेरा मोठा होतो, आणि सरावलेली मुलगीही तो आरामात फिरत नाही. कडेची वाट अरुंद, जमिनीपासून तीन-चार फूट उंच, आणि तिच्यावर कॅमेरावाले उभे असतात. त्यांच्या केबली पायात येतात. कोणता कॅमेरा कुठे असणार, हे आधी चालून बघा.

लहान आयोजनांत कडेची वाटच नसते, तेव्हा दारातून आत जावं लागतं. त्याच दारातून कोपऱ्यातली माणसंही येतात-जातात. आधी त्यांना आत सोडा, निघताना त्यांच्या आधी बाहेर पडा.

बूट कोणते घालावेत?

या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं तर अर्धं काम सोपं होतं. रिंगची जमीन कडक नसते. लाकडी फळ्या, त्यावर फोमचा थर, वर ताणून बसवलेलं कॅनव्हास. पातळ टोकाची टाच त्यात रुतते, कॅनव्हासला भोकही पाडते, आणि रिंगवाला मग तुमच्यावर डाफरतो, ते बरोबरच आहे. म्हणून रुंद टाच किंवा सलग तळाचा बूट, घोट्याला पट्टा असलेला. उंची तीन इंचांच्या आत ठेवली तर दोरांतून जाताना घोटा मुरगळत नाही. पाच इंचांचा हट्ट प्रायोजकाने धरला, तर पुढचा तळ जाड असलेला बूट मागा, म्हणजे पायाला पडणारा खरा चढ कमी होतो.

कॅनव्हासवर प्रायोजकांचे रंगवलेले लोगो असतात. ते ओले झाले की निसरडे होतात, खेळाडूही त्याची तक्रार करतात. कोपऱ्यात पाणी आणि बर्फ सांडलेलं असतं. त्यामुळे कोपऱ्यांपासून दोन-तीन फूट आतून चालायचं आणि वळताना लोगोवर पाय फिरवायचा नाही. नवीन बुटाचा तळ गुळगुळीत असेल तर पॉलिश पेपरने जरा घासून घ्या. मुष्टियोद्धे बुटाला घासतात तो रोझिन, म्हणजे राळेची पूड, मागितलीत तरी कोणी नाही म्हणत नाही.

पिशवीत ठेवायच्या वस्तू: बुटांचा दुसरा जोड, सपाट चपला, टाचांना लावायच्या पट्ट्या, दुहेरी चिकटपट्टी, सेफ्टी पिना, कपड्याच्या रंगाचा दोरा आणि सुई, ओले रुमाल, पाण्याची बाटली, भाजलेले शेंगदाणे किंवा केळं. बॅकस्टेजला जेवण असतं म्हणून सांगतात, पण ते मिळतं तेव्हा तुमची फेरी आलेली असते.

कार्ड कसं धरायचं?

कार्ड फोम बोर्डाचं किंवा नालीदार प्लॅस्टिकच्या पत्र्याचं असतं. वजन फार नसतं, पण मोठ्या स्टेडियमचा एसी किंवा मोकळ्या मैदानातला वारा त्याला पालासारखं फुगवतो. दोन्ही हात खांद्यांपेक्षा किंचित रुंद, अंगठे मागे आणि बोटं पुढे, कोपर पूर्ण ताणलेले नाहीत. खालची कड केसांच्या वर चार बोटं, म्हणजे चेहराही दिसतो आणि आकडाही. चकचकीत छपाईवर दिवे परावर्तित होऊन आकडा पांढरा पडतो, तेव्हा कार्ड जरा पुढे झुकवा.

दोन्ही बाजूंना आकडा छापलेला आहे ना, ते पाहा. एकाच बाजूला असेल तर अर्ध्या प्रेक्षकांना कोरी पाठ दिसते. आणि इंग्रजी आकड्यांतला सहा उलटा धरला की नऊ होतो. दहा फेऱ्यांच्या सामन्यात ही चूक घडली तर समालोचक ती आठवडाभर उगाळतात. कार्डाच्या वरच्या कडेला मागून पेनाने लहान बाण काढून ठेवा. गठ्ठा उलट क्रमाने लावा, एक सगळ्यात वर, आणि वापरलेलं कार्ड तळाशी सरकवा. वापरलेली कार्डं वेगळी ठेवली तर पुढच्या लढतीच्या वेळी '१' सापडत नाही.

फेरी मध्येच संपली तर?

नॉकआउट झाला, पंचांनी सामना थांबवला किंवा खेळाडूने हार मानली, तर पुढचं कार्ड नाही. सोपं वाटतं, पण घंटा आणि पंचांचा हात एकदम आले की गोंधळ होतो. पंच हात हलवून थांबवत असतील, डॉक्टर चौथऱ्यावर चढत असतील किंवा स्टूलवरचा खेळाडू उठणार नाही असं वाटत असेल, तर जागचं हलू नका. फ्लोअर मॅनेजरने खूण केल्याशिवाय चढायचं नाही. बेशुद्ध पडलेल्या माणसाशेजारून हसत कार्ड फिरवणारी मुलगी हे दृश्य तुमच्या नावावर कायमचं चिकटतं, चूक कोणाचीही असली तरी.

रक्ताची भीती किती खरी?

व्यावसायिक लढतींवर देखरेख करणाऱ्या मोठ्या आयोगांच्या नियमांनुसार खेळाडूंची एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सी यांसाठी तपासणी झालेली असते. तरी काळजी तुमची तुम्ही घ्यायची. पायाला कापलेलं असेल, ताजं वॅक्सिंग केलं असेल तर उघडे बूट नकोत. कॅनव्हासला हात टेकवू नका. पहिल्या रांगेत बसलेल्या मुलींवर घाम आणि रक्ताचे शिंतोडे येतात, म्हणून पिशवीत ओले रुमाल. हिपॅटायटिस बीची लस तशीही घेऊन ठेवावी.

सामन्याचा दिवस कसा जातो?

आदल्या दिवशी वजनाचा कार्यक्रम असतो. तिथे खेळाडूंच्या मागे उभं राहायचं, आमनेसामने उभे राहतात तेव्हा वाटेत यायचं नाही. धक्काबुक्की होते, आणि ती नाटकी असली तरी कोपर खरं असतं. सामन्याच्या दिवशी दुपारी तालीम, मग केस-मेकअपला दोन तास, मग प्रायोजकांच्या पाहुण्यांसोबत फोटो. एका रात्रीत आठ ते तेरा लढती असतात आणि दोन-तीन मुली पाळीने कार्ड घेतात. कोणाची कोणती लढत, हे कागदावर लिहून कार्डाच्या गठ्ठ्याशी चिकटवा. अंगाला लावायचा रंग किंवा ब्राँझर आदल्या रात्रीच लावा. ताजा असला तर पांढऱ्या कार्डावर बोटांचे डाग उमटतात.

सामन्यासाठी पाणी सोडणं, दोन दिवस उपाशी राहणं हे खेळाडूंचं अनुकरण कोणी करू नये. त्यांच्यासोबत डॉक्टर असतो, वजनानंतर खाण्यासाठी दिवस असतो. तुम्हाला टाचांवर सहा तास उभं राहायचं आहे. चक्कर येऊन पायऱ्यांवरून पडलेल्या मुलीला पुढचं काम मिळत नाही.

खेळ कळायलाच हवा का?

फेऱ्यांची संख्या, घंटेचे इशारे आणि पंचांच्या खुणा यायलाच हव्यात. व्यावसायिक मुष्टियुद्धात सामने चार, सहा, आठ, दहा किंवा बारा फेऱ्यांचे असतात. यूएफसीत तीन, मुख्य आणि किताबी लढती पाच. मुए थाई या थायलंडच्या लाथा-ठोशांच्या खेळात तीन मिनिटांच्या पाच फेऱ्या, पण विश्रांती दोन मिनिटांची, तेव्हा तिथे चाल संथ ठेवा. बाकी आवड असली तर मुलाखतींचं आणि सूत्रसंचालनाचं दार उघडतं, नसली तर ते बंदच राहतं.

भारतात असं काम आहे का?

आहे, पण वर्षातल्या मोजक्या तारखांपुरतं. २०१२ साली मुंबईत एमएमएची सुपर फाइट लीग सुरू झाली, २०१९ पासून मॅट्रिक्स फाइट नाइट आहे. विजेंदर सिंगचे व्यावसायिक सामने दिल्लीत झाले, ऑगस्ट २०१७ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये आणि मार्च २०२१ मध्ये पणजीत कॅसिनो जहाजाच्या डेकवरही. एवढ्यावर पोट भरत नाही. इथल्या मुली हे काम रॅम्प, ई-कॉमर्सचे फोटो आणि प्रदर्शनांतल्या कामासोबत करतात, तेच शहाणपणाचं.

हौशी मुष्टियुद्धात, म्हणजे ऑलिंपिक, राष्ट्रीय आणि राज्य स्पर्धांत, रिंग गर्ल नसते. आपल्या मातीच्या कुस्तीत तर फेऱ्याच नाहीत, तिथे हलगी पुरते. थायलंडमध्ये मुए थाईच्या लुम्पिनी स्टेडियमच्या रिंगमध्ये २०२१ पर्यंत बायकांना पाय ठेवायला मनाई होती, खेळाडूंनाही.

काम मिळवायचं कसं? उंची किती लागते?

मॉडेल कोऑर्डिनेटर आणि इव्हेंट कंपन्यांमार्फत. प्रायोजक ठरला की तोच चेहरे निवडतो. पाच फूट सहा इंच सहसा चालते, पण उंचीपेक्षा दोन मुलींची जोडी जुळते का हे जास्त पाहतात. साधे फोटो हवेत: मेकअपविना चेहरा, समोरून, बाजूने, पूर्ण उंची, भिंतीसमोर दिवसाच्या उजेडात. सोबत तीस सेकंदांचा चालण्याचा व्हिडिओ, हात डोक्यावर. तो हात डोक्यावर असलेला व्हिडिओ फार थोड्या जणी पाठवतात, म्हणून लक्ष जातं.

नोंदणी फी, पोर्टफोलिओची सक्ती, 'परदेशी टूरसाठी डिपॉझिट' असं काही मागितलं की तिथून उठा. खरा कोऑर्डिनेटर तुमच्या मानधनातून कमिशन घेतो, बऱ्याचदा १५ ते २० टक्के, आणि ते काम झाल्यावर. कपड्यांच्या ट्रायलसाठी हॉटेलच्या खोलीत बोलावलं तर जागा बदलायला सांगा.

पैशांचं आणि कराराचं काय?

मोबदला एका कार्यक्रमावर ठरतो, पगार नसतो. अमेरिकेतही बहुतेक मुली कंत्राटावरच असतात. व्हॉट्सअपवर 'डन' लिहिणं म्हणजे करार नाही. निदान एका पानावर या गोष्टी लिहून घ्या: एकूण रक्कम आणि ती किती दिवसांत, वजनाचा दिवस आणि तालीम धरलेली आहे का, सात तासांनंतर जादा पैसे, प्रवास, राहणं आणि रात्री घरी सोडणं, कपड्यांचे फोटो आधी दाखवणं, कार्यक्रम रद्द झाला तर किती.

सगळ्यात महागात पडणारं कलम फोटोंच्या वापराचं. 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, जगभर' असं लिहिलेलं असेल तर तुमचा त्या रात्रीचा फोटो पाच वर्षांनी बिअरच्या होर्डिंगवर लागला तरी तोंड उघडता येणार नाही. माध्यम, देश आणि मुदत, तिन्ही खोडून मर्यादित लिहा: या कार्यक्रमाची प्रसिद्धी, एक वर्ष. जाहिरातीसाठी वेगळे पैसे. बऱ्याच आयोजकांना हे मान्य होतं, फक्त कोणी मागत नाही.

टीडीएस कापला असेल तर तो आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर दिसतो आहे का, हे पाहा. कापला म्हणून सांगितलं आणि भरलाच नाही, हे नेहमीचं दुखणं आहे.

प्रेक्षकांनी किंवा आयोजकांपैकी कोणी त्रास दिला तर?

पायऱ्यांपासून खुर्चीपर्यंत सोबत माणूस असणं ही आधीच मागायची गोष्ट आहे, उपकार नाही. फोटोला उभं राहताना हात कुठे येणार हे तुम्ही ठरवता. नकोसा स्पर्श झाला तर तिथेच मोठ्याने 'हात काढा' म्हणा, पुढचं सुरक्षारक्षक पाहील.

भारतात कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कंत्राटी आणि एका दिवसाच्या कामालाही लागू होतो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत, लेखी. निरोप, वेळ, साक्षीदारांची नावं त्याच रात्री फोनमध्ये टिपून ठेवा.

यातून करिअर होतं का, की चार दिवसांची चमक?

दोन्ही. एरियानी सेलेस्ट २००६ मध्ये यूएफसीत आली आणि दीड दशक टिकली. ब्रिटनी पामर डब्ल्यूईसी या दुसऱ्या एमएमए संस्थेतून यूएफसीत आली, २०२३ मध्ये थांबली, आणि मधल्या काळात चित्रकार म्हणून स्वतःची ओळख उभी केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक्सासच्या आर्लिंग्टनमध्ये माइक टायसन आणि जेक पॉल यांची दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्यांची लढत झाली. त्या रात्रीनंतर सिडनी थॉमस ही कॉलेजातली रिंग गर्ल खेळाडूंइतकीच चर्चेत आली. पण अशी रात्र मागून मिळत नाही.

टिकलेल्या मुलींकडे पाहिलं तर रिंग त्यांच्यासाठी दुकानाची पाटी होती, दुकान दुसरीकडे: फोटोग्राफी, फिटनेस, सूत्रसंचालन, स्वतःचा ब्रँड. ज्यांनी पाटीलाच दुकान मानलं, त्यांची नवीन प्रायोजक आला की सुट्टी झाली.

हे काम बंद होणार म्हणतात, खरं का?

फॉर्म्युला वनने २०१८ मध्ये ग्रिड गर्ल, म्हणजे शर्यतीआधी गाड्यांपुढे उभ्या राहणाऱ्या मॉडेल, बंद केल्या, त्याच महिन्यात व्यावसायिक डार्ट्सनेही मुली मंचावर आणणं थांबवलं. २०२१ मध्ये यूएफसीचा माजी विजेता हबीब नूरमागोमेदोवने रिंग गर्लना लढतींतली सगळ्यात निरुपयोगी माणसं म्हटलं आणि मोठा वाद झाला. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो शहरात २०१९ च्या एका सामन्यात मुलींऐवजी पुरुष आले आणि त्यांना 'फाइट प्रोग्रेस मॅनेजर' असं भारदस्त नाव दिलं गेलं. फक्त बायकांच्या इन्व्हिक्टा एफसीत एलियास थिओडोरू या कॅनडाच्या खेळाडूने स्वतः 'रिंग बॉय' म्हणून कार्डं फिरवली, तेही मजेत.

मुष्टियुद्ध आणि एमएमएत मात्र प्रथा सुरू आहे, कारण बिअर आणि सट्ट्याच्या कंपन्यांचा पैसा सुरू आहे. आक्षेप चुकीचे आहेत असं आमचं म्हणणं नाही. पण मुलींना विचारून निर्णय घेणारं कोणी अजून फारसं दिसलेलं नाही.

घरी कसं सांगायचं?

कराराची प्रत, कपड्यांचे फोटो, कार्यक्रमाचं ठिकाण आणि घरी सोडणाऱ्या गाडीचा नंबर आईच्या हातात द्या. 'मॉडेलिंग आहे' असं मोघम सांगून नातेवाइकांनी टीव्हीवर पाहणं, यापेक्षा वाईट पर्याय नाही.

सामन्यानंतर कार्डं घरी नेता येतात का?

विचारून. ती आयोजकाची असतात, आणि खेळाडूंच्या सह्या घेऊन काही वेळा लिलावातही जातात. बारा नंबरचं कार्ड मागितलंत तर बहुधा करकरीत मिळेल, कारण तिथवर पोचणारे सामने थोडे. एक नंबरचं मात्र प्रत्येक लढतीला निघतं, त्याचे कोपरे रात्र सरायच्या आत सुटलेले असतात.